जाहिरातीत एक, हातात दुसरेच : अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार कशी करावी

दुकानदाराने किंवा कंपनीने फसवले की बहुतेक लोक गप्प बसतात, नाहीतर समाजमाध्यमांवर राग काढून मोकळे होतात. आपण स्वतः त्या कंपनीला आयोगासमोर उभे करू शकतो, हे फार थोड्यांच्या मनात येते. हा अधिकार १९८६ च्या कायद्याने दिला. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने तो अधिक सोपा केला. वकील लावलाच पाहिजे असे नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य, आणि दाद मागायची तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यात.

तरीही चांगल्या तक्रारी हरतात किंवा अर्ध्यावर अडकतात. ग्राहकांच्या तक्रारी वाचताना मला एक उणीव पुन्हा पुन्हा दिसते. माणूस फसवला गेलेला असतो, पण तक्रार लिहितो वस्तू बिघडल्याची. "गाडी नीट चालत नाही," असे तो लिहितो, कंपनी "आम्ही दुरुस्त करून देतो" असे उत्तर देते आणि प्रकरण सर्व्हिस सेंटरच्या दारात वर्षभर रखडते. विकताना जे सांगितले ते खरे नव्हते, हा मूळ मुद्दा कागदावर येतच नाही. वस्तूतला दोष, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कायद्याच्या लेखी तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे पुरावे वेगळे आणि त्यांवर मिळणारी दादही वेगळी. या लेखात तिसऱ्या गोष्टीबद्दल सविस्तर लिहितो.

समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक प्रकरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. सांगलीत राहणाऱ्या एका शिक्षिकेची शाळा कवठे महांकाळच्या बाजूला आहे, रोजची जाऊन-येऊन रपेट ९५ किलोमीटरच्या घरात. त्यांनी पुण्यातल्या विक्रेत्याकडून १,२०,००० रुपयांची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिले होते, "एका चार्जमध्ये १५० किलोमीटर". शोरूममधला माणूसही तेच बोलला. प्रत्यक्षात गाडी ८० च्या पुढे कधी गेली नाही. कंपनीचे म्हणणे असे की बॅटरी उत्तम आहे, १५० हा आकडा "आदर्श परिस्थितीतला" आहे आणि तसे खाली बारीक अक्षरांत छापले होते.

आधी ओळखा : नेमके काय चुकले?

कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची लांबलचक व्याख्या आहे. तिचा गाभा एवढाच की माल खपवण्यासाठी खोटी किंवा दिशाभूल करणारी पद्धत वापरणे. ते विधान छापील असो, तोंडी असो किंवा मोबाइलच्या पडद्यावरचे असो. मालाचा दर्जा, प्रमाण किंवा गुणधर्म खोटे सांगणे, जुना माल नवा म्हणून विकणे, नसलेली मान्यता किंवा प्रमाणपत्र मिरवणे, पुरेशी चाचणी न करता टिकाऊपणाची किंवा कार्यक्षमतेची हमी देणे, किमतीबाबत दिशाभूल करणे, "मोफत" म्हणून दिलेल्या वस्तूची किंमत मूळ मालात लपवणे, बक्षीस जाहीर करून ते द्यायचेच नाही, हे सारे त्यात येते.

याच व्याख्येत २०१९ साली जी भर पडली ती रोजच्या व्यवहारात फार कामाची आहे. बिल न देणे ही आता स्वतंत्र अनुचित प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. बिलावर परतीची मुदत छापलेली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत दुकानदाराने सदोष माल परत घेऊन पैसे दिले पाहिजेत. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही बिलाच्या तळाशी छापलेली ओळ सदोष मालाला लागू होत नाही. मात्र रंग आवडला नाही, मन बदलले, अशा कारणांसाठी ही तरतूद नाही. तिचा भलताच अर्थ लावून तक्रार केली तर ती टिकणार नाही. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे.

मोजता येणारे विधान आणि नुसती स्तुती यांत फरक करायला शिका. "महाराष्ट्राची लाडकी स्कूटर" यावर दाद मागता येणार नाही. "१५० किलोमीटर" यावर येते, कारण तो आकडा खरा असतो किंवा खोटा असतो.

आणि बारीक अक्षरांचे काय? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. खुलाशाने मुख्य दाव्याचे फक्त स्पष्टीकरण द्यावे, त्याला छेद देऊ नये, महत्त्वाची माहिती लपवू नये, असे त्या सांगतात. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत हवा. म्हणजे दावा मराठीत, ठळक, आणि खुलासा इंग्रजीत, मुंगीच्या आकाराचा, अशी जाहिरात असेल तर ती पहिल्यांदा जपून ठेवा. शिक्षिकेच्या प्रकरणात अर्धी लढाई तिथेच आहे.

ऑनलाइन खरेदीत फसवणुकीचे रूप बदलते. याच प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांमध्ये अशा १३ फसव्या रचनांची यादी दिली आहे. तुम्ही न मागता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणे, "फक्त दोनच शिल्लक" अशी खोटी घाई लावणे, शेवटच्या पानावर अचानक जादा आकार दाखवणे, सदस्यत्व रद्द करण्याचा रस्ताच सापडू न देणे, हे त्यांतले नेहमी भेटणारे प्रकार.

काही निवाड्यांनी सीमा स्पष्ट केल्या आहेत. बिल करताना आधी न सांगता कॅरीबॅगचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारच्या प्रकरणात ठरवले. बिल्डरने ग्राहकावर लादलेला एकतर्फी करारही या सदरात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये पायोनियर अर्बन लँड प्रकरणात सांगितले. उलट, हॉटेलात बसून पाण्याची बाटली छापील किमतीहून महाग मिळाली तर तक्रार टिकणे कठीण. तिथे बाटलीबरोबर बसायची जागा आणि सेवाही विकली जाते, असा निकाल डिसेंबर २०१७ मध्ये लागला आहे. दुकानात मात्र छापील किमतीवर एक रुपयाही जास्त घेता येत नाही.

तुम्ही कायद्याने ग्राहक आहात का?

पैसे दिले असतील, द्यायचे कबूल केले असेल किंवा हप्त्याने देत असाल तर तुम्ही ग्राहक. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक. ऑनलाइन, दूरचित्रवाणीवरून किंवा थेट विक्रीच्या साखळीतून घेतले तरी फरक पडत नाही. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेला माल मात्र वगळला आहे. त्यालाही अपवाद आहे : स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र, रिक्षा किंवा शिलाई मशीन व्यापारी हेतूत मोडत नाही. कंपन्या हा आक्षेप हमखास घेतात. हेतू व्यापारी होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये श्रीराम चिट्स प्रकरणात स्पष्ट केले. स्वयंरोजगारासाठी खरेदी असेल तर ते वाक्य तक्रारीत आपणहून लिहा.

पुरावा : बोलले काय आणि दिले काय

वस्तू बिघडल्याच्या तक्रारीत वस्तूचा पुरावा लागतो. फसवणुकीच्या तक्रारीत दोन ढिगारे लागतात. पहिला : विकण्यापूर्वी काय सांगितले. दुसरा : प्रत्यक्षात काय मिळाले. लोकांकडे दुसरा ढिगारा भरपूर असतो, पहिला रिकामा असतो, कारण कंपनीने तोवर जाहिरात उतरवलेली असते.

म्हणून शंका आली त्याच दिवशी जाहिरातीचे, संकेतस्थळावरच्या पानाचे आणि ॲपमधल्या वर्णनाचे स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि पत्ता दिसेल असे घ्या. छापील माहितीपत्रक शोरूममधून मागून आणा. वर्तमानपत्रातली जाहिरात पानासकट ठेवा, कात्रणावर तारीख दिसत नाही. विक्री प्रतिनिधीशी झालेले व्हॉट्सॲपवरचे संभाषण निर्यात करून ठेवा. तोंडी आश्वासन दिले असेल तर आजही वेळ गेलेली नाही. "तुम्ही अमुक दिवशी १५० किलोमीटर सांगितले होते, गाडी ८० चालते, असे का?" असा संदेश पाठवा. उत्तरात विक्रेता आधीचे बोलणे बहुधा नाकारत नाही, त्याचे समर्थन करू लागतो, आणि ते समर्थनच तुमचा पुरावा ठरते.

दुसऱ्या ढिगाऱ्यासाठी शिक्षिकेने काय करावे? पूर्ण चार्ज केल्यावरचा आणि बॅटरी संपल्यावरचा डॅशबोर्डचा फोटो, किलोमीटरचे आकडे दिसतील असा, निरनिराळ्या दिवशी. सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवताना जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, "एका चार्जमध्ये ८० किमी, जाहिरातीत १५० किमी" हे शब्द लिहूनच घ्यायचे. तिथला माणूस स्वतःहून "जनरल चेकअप" असे लिहितो, त्याला लिहू देऊ नका. बॅटरी निर्दोष आहे असा शेरा मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका, उलट तो जपा. बॅटरी निर्दोष असूनही गाडी ८० च चालते, म्हणजे दावाच खोटा होता.

मोबाइलमधले पुरावे जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र सोबत लावा. आयोगात साक्षीपुराव्याचे नियम न्यायालयाइतके काटेकोर लावत नाहीत, पण समोरच्या वकिलाला आक्षेपाची जागा कशाला ठेवायची?

आधी पत्र, मग आयोग

नोटीस पाठवणे कायद्याने सक्तीचे नाही. तरीही पाठवावी, कारण कंपनीचे उत्तर किंवा तिचे मौन दोन्ही पुढे उपयोगी पडतात. नोटीस स्वतः लिहिली तरी चालते. एक पान पुरे : काय सांगितले, काय मिळाले, काय हवे, १५ दिवसांत. उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. पावती आणि पोच झाल्याची नोंद छापून ठेवा.

त्याच बरोबरीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. परताव्याचे साधे प्रश्न तिथेच सुटू शकतात. ऑनलाइन विक्रीमंचावरून घेतले असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे.

एक धोका इथेच सांगायला हवा. तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही. "साहेब परवा येणार आहेत, बघतो" असे करत करत वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते आणि कंपन्यांना ते माहीत असते. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात सबळ कारण दाखवावे लागते. पत्रांना तीन महिने द्या, त्याहून जास्त देऊ नका.

कोणत्या आयोगात, कोणाविरुद्ध

आयोग ठरतो तो तुम्ही मोजलेल्या किमतीवरून. मागितलेली भरपाई त्यात धरत नाहीत. ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००, वीस ते पन्नास लाखांना १,०००.

२०१९ च्या कायद्याची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे कलम ३४. तुम्ही जिथे राहता किंवा पोटासाठी काम करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. विक्रेता पुण्याचा, कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय परराज्यात, तरी शिक्षिकेने सांगलीतच दाखल करावी. गोव्यातल्या वाचकांनी आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो एवढे पाहावे.

करारात "वाद लवादाकडे जाईल" असे कलम असेल म्हणून थांबू नका. लवादाचे कलम ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद करत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात कायम केले. सदनिकेच्या बाबतीत महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) असतानाही ग्राहक आयोगात जाता येते, हे नोव्हेंबर २०२० च्या इम्पीरिया स्ट्रक्चर्स निकालाने ठरले आहे.

विरुद्ध पक्ष म्हणून दावा करणारा आणि विकणारा दोघांनाही घ्या. फक्त विक्रेत्याला घेतले तर तो "जाहिरात कंपनीची" म्हणेल, फक्त कंपनीला घेतले तर ती "विक्रेता काय बोलला आम्हाला माहीत नाही" म्हणेल. कर्ज देणारी वित्तसंस्था विक्रीच्या सौद्यात गुंतलेली असेल तर तिचाही विचार करा. उगाच दहा जणांना ओढू नका, प्रत्येकाला नोटीस बजावण्यातच महिने जातात.

अशाच फसलेल्यांचा गट असेल तर कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने समान हितसंबंध असलेल्या सर्वांसाठी एकत्र तक्रार करता येते. मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही तक्रार करू शकते. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेशी बोलून घेतले तर मार्ग सोपा होतो.

तक्रार लिहिताना

महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगात तक्रार मराठीत लिहिता येते, आणि ज्यांना इंग्रजीत विचार करायची सवय नाही त्यांनी मराठीतच लिहावी. आपल्या भाषेत तपशील सुटत नाहीत.

सुरुवातीला तारखांची यादी करा : जाहिरात पाहिली, आगाऊ रक्कम दिली, गाडी मिळाली, पहिली तक्रार, जॉब कार्ड, नोटीस, उत्तर. एका ओळीत एक तारीख आणि पुढे कागदाचा अनुक्रमांक. तक्रार वाचण्याआधी आयोगाच्या सदस्यांची नजर या पानावर जाते. मग क्रमांकित परिच्छेद. फसवणुकीच्या तक्रारीत चार गोष्टी परिच्छेदांतून दिसल्याच पाहिजेत : विधान, त्यावर ठेवलेला विश्वास, वस्तुस्थिती आणि नुकसान. शिक्षिकेची तक्रार साधारण अशी असेल (सामनेवाला म्हणजे विरुद्ध पक्ष; क्र. १ कंपनी, क्र. २ विक्रेता) :

"३. सामनेवाला क्र. १ यांनी दि. … रोजी प्रसिद्ध केलेल्या जाहिरातीत (कागद क्र. १) सदर स्कूटर 'एका चार्जमध्ये १५० किलोमीटर' चालते असे ठळक विधान केले. सामनेवाला क्र. २ यांच्या विक्री प्रतिनिधीने दि. … रोजीच्या संदेशात (कागद क्र. २) त्यास दुजोरा दिला.

४. तक्रारदारांचा नोकरीनिमित्तचा रोजचा प्रवास सुमारे ९५ किलोमीटरचा असून वाटेत चार्जिंगची सोय नाही. ही बाब त्यांनी सामनेवाला क्र. २ यांना खरेदीपूर्वी सांगितली होती. वरील विधानावर विसंबूनच त्यांनी स्कूटर घेतली.

५. प्रत्यक्षात स्कूटर एका चार्जमध्ये ८० किलोमीटरपेक्षा जास्त चालत नाही (कागद क्र. ५ ते ९). बॅटरीत दोष नसल्याचे सामनेवाला क्र. २ यांनीच जॉब कार्डवर नमूद केले आहे (कागद क्र. १०). त्यामुळे जाहिरातीतील विधान खोटे व दिशाभूल करणारे असून सामनेवाल्यांचे कृत्य कायद्याच्या कलम २(२८) व २(४७) अन्वये दिशाभूल करणारी जाहिरात व अनुचित व्यापारी प्रथा ठरते."

चौथा परिच्छेद बहुतेक जण विसरतात. विधान खोटे होते एवढे पुरत नाही, त्या विधानामुळे तुम्ही खरेदी केली हे दिसायला हवे. "वाटेत चार्जिंगची सोय नाही" या साध्या वाक्याने ते दिसते. विशेषणे गाळा. "लबाड", "लुटारू" असे शब्द लिहून मन हलके होते, तक्रार जड होते.

यानंतर मुदत, कार्यक्षेत्र आणि मोजलेली किंमत यांचे एकेक परिच्छेद, या वादाबाबत दुसरीकडे कुठेही प्रकरण दाखल नसल्याचे विधान, आणि शेवटी विनंती.

विनंतीत काय मागायचे

न मागितलेले मिळत नाही, याचे एक बोलके उदाहरण आहे. गुजरातमधल्या एका ग्राहकाने शेवरोले फॉरेस्टर गाडी घेतली. ती खडबडीत रस्त्यांवर चालणारी एसयूव्ही म्हणून विकली होती, प्रत्यक्षात तशी नव्हती. राष्ट्रीय आयोगाने जनरल मोटर्सला २५ लाख रुपयांची दंडात्मक नुकसानभरपाई लावली. ऑक्टोबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. दंडात्मक भरपाईची मागणी तक्रारीत नव्हती आणि कंपनीला त्यावर बोलायची संधी मिळाली नव्हती, हे त्याचे कारण.

कलम ३९ खाली आयोग बरेच काही देऊ शकतो. किंमत व्याजासह परत, वस्तू बदलून देणे, नुकसानभरपाई, दंडात्मक भरपाई, खर्च हे तर आहेच. पण अनुचित प्रथा थांबवा आणि पुन्हा करू नका असा आदेश, आणि चुकीच्या जाहिरातीचा परिणाम पुसणारी दुरुस्तीची जाहिरात कंपनीच्या खर्चाने द्या असा आदेश, हेही त्याच कलमात आहे. या दोन मागण्या प्रत्येक फसव्या जाहिरातीच्या तक्रारीत असाव्यात असे माझे ठाम मत आहे. पैसे परत देणे कंपनीला परवडते, कारण शंभरातला एखादाच तक्रार करतो. त्या उरलेल्यांसाठी तुमच्या विनंतीतली ही एक ओळ काम करते.

भरपाईचा आकडा मात्र हिशोबाने मागा. एक लाख वीस हजारांच्या गाडीला वीस लाखांचा मानसिक त्रास लिहिला की बाकीच्या खऱ्या मागण्याही संशयास्पद दिसतात. अर्ध्या वाटेत बंद पडल्यावर केलेला रिक्षाखर्च, कापलेला पगार, सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या, हे पावत्यांसह दाखवा. मानसिक त्रासाची रक्कम वेगळी आणि माफक ठेवा. दंडात्मक भरपाई मागताना कंपनीने तक्रारी येऊनही तीच जाहिरात चालू ठेवल्याचे पुराव्यासह लिहा, तोच तिचा पाया आहे.

दाखल करणे

१ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे संकेतस्थळ सुरू आहे. त्याआधीचे ई-दाखिल तुम्हाला आठवत असेल. मोबाइल आणि ईमेलने नोंदणी करा, तक्रार, शपथपत्र, तारखांची यादी, कागदयादी आणि कागद पीडीएफ करून चढवा. कागदांना अनुक्रमांक द्या आणि वाचता येतील इतके स्पष्ट स्कॅन करा. छाननीत उणिवा निघाल्या तर त्या ठरावीक वेळेत भरून काढायच्या. समक्ष दाखल करणाऱ्यांनी आयोगासाठी तीन प्रती आणि प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एकेक प्रत असा हिशोब ठेवावा. कार्यालयात एकदा जाऊन तिथली पद्धत विचारून आलेले बरे, कर्मचारी सांगतात.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने साधारण २१ दिवसांत ठरवायचे असते. तेवढ्यात ठरले नाही तर ती दाखल झाली असे कायदा मानतो. तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती फेटाळता येत नाही.

सुनावणी

नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाने ३० दिवसांत लेखी म्हणणे द्यायचे, आयोगाला त्यात फार तर १५ दिवस वाढवून देता येतात. ४५ दिवसांनंतर एक दिवसही नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ४ मार्च २०२० चा निकाल आहे. नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा आणि मुदत उलटली की "म्हणण्याशिवाय प्रकरण पुढे चालवावे" असा एका परिच्छेदाचा अर्ज द्या.

पहिल्या तारखांना मध्यस्थीचा प्रस्ताव येऊ शकतो. दोघांची लेखी संमती असेल तरच ती होते. पैसे लवकर मिळत असतील तर जरूर विचार करा, पण तडजोडीच्या मसुद्यात रक्कम, तारीख आणि न दिल्यास व्याज हे तिन्ही असल्याशिवाय सही नको.

त्यानंतर पुराव्याचे शपथपत्र, लेखी युक्तिवाद, तोंडी युक्तिवाद. काम मुख्यतः कागदांवर आणि शपथपत्रांवर चालते, पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी क्वचित होते. लांब राहत असाल तर दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याचा अर्ज करता येतो. तोंडी बोलायला पाच-दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यात जाहिरात, जॉब कार्ड आणि नोटिसीचे उत्तर एवढे तीन कागद दाखवले तरी मुद्दा पोचतो.

कायदा सांगतो की चाचणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत, असेल तर पाच महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ लागतो, हे मनाशी धरूनच सुरुवात करा. तारखेला गैरहजर राहू नका, तक्रारदाराच्या गैरहजेरीत तक्रार काढून टाकली जाऊ शकते.

गाडीचे काय करायचे, हा प्रश्न हमखास येतो. वापरणे थांबवणे शक्य नसेल तर वापरा, पण विकू नका आणि बाहेरच्या मेकॅनिककडून बॅटरीला हात लावू देऊ नका.

आदेश हातात आल्यावर

जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. अपील कंपनीने केले तर तिला आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणे त्यामुळे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

मुदत संपली, अपील नाही, पैसेही नाहीत, तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा. कलम ७१ खाली आयोग दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली करतो. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. १९८६ च्या कायद्याखालचे जुने आदेश धूळ खात पडले असतील तर तेही बाहेर काढा. पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००३ ते २०२० या काळातल्या अंतिम आदेशांचीही अंमलबजावणी करून घेता येईल असा अर्थ लावला आहे.

केंद्रीय प्राधिकरणाचा रस्ता याहून वेगळा आहे, दोन्हींची गल्लत करू नका. प्राधिकरण तुम्हाला भरपाई देत नाही. ते जाहिरात बंद करू शकते, दुरुस्त करायला लावू शकते आणि उत्पादकाला किंवा जाहिरात करणाऱ्या नामवंताला १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केले तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. कलम १७ खाली ही तक्रार थेट प्राधिकरणाकडे किंवा तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते, आणि आयोगातले प्रकरण चालू असतानाही देता येते. जाहिरात अजून झळकत असेल तर थांबू नका, आजच द्या. निकाल तुमच्या बाजूने लागला की आदेशाची प्रमाणित प्रत, मूळ जाहिरात आणि ती अजूनही चालू असल्याचा ताजा स्क्रीनशॉट जोडून तीच तक्रार पुन्हा पाठवा.